औषध कोणत्या गाईला?

भरलेली गाय गाभण न राहता उलटली की तोटा 21 दिवसांचा, असं कागदावर दिसतं. गोठ्यात तो त्याहून मोठा असतो. माज रात्रीत येऊन जातो, पहाटे कुणाच्या लक्षात येत नाही, रेतन करणारा माणूस येईपर्यंत वेळ टळलेली असते, आणि एका उलटण्यात दोन-तीन महिने सहज निघून जातात. तेवढे दिवस पेंढा आणि पेंड चालूच असते. दूध मात्र रोज थोडं थोडं आटत जातं.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, जंजिऱ्याच्या पैलतीरावर दिघी आहे. आगरदांड्याहून फेरीबोटीने येणाऱ्या माणसाला बंदर दिसतं, मच्छीमारांच्या होड्या दिसतात, पुढे दिवेआगरकडे नारळी-सुपारीच्या वाड्या दिसतात. घरामागच्या दावणीला बांधलेल्या गाईंकडे त्याचं लक्ष जात नाही. त्यांत कोकणच्या मूळच्या, लहान चणीच्या गाई आहेत आणि जर्सीच्या संकरितही आहेत. संकरित गाय पाळणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: दूध देते, पण गाभण राहत नाही. त्यावर उपाय म्हणून एक पांढरट भुगा हल्ली गोठ्यागोठ्यात पोहोचतो आहे. पोत्यावर इंग्रजी नाव काहीही असो, शेतकरी त्याला ‘बायपास फॅट’ म्हणतो.

गाईच्या खाण्यातली चरबी तिच्या गाभण राहण्यावर खरंच परिणाम करते का, यावर दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. म्हणून हा विषय एका आत्याच्या आणि भाच्याच्या तोंडून मांडतो. आत्या दिघीच्या अंगाला राहणारी, जन्मभर गाई राखलेली. भाचा 1886 साली परळला सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेला. अशी जोडी आज कोकणात पुष्कळ घरांत सापडेल.

आत्या: तू आणलेल्या पिशवीला साबणाचा वास येतो रे. तांबडीने तोंडसुद्धा लावलं नाही. पेंडीत कालवलं, तर पेंडही तशीच टाकली.

भाचा: साबणच आहे तो, आत्या. पामतेलातली स्निग्धाम्लं कॅल्शियमला बांधली की असा भुगा तयार होतो. पहिल्या दिवशी एक चिमूट घालायची, मग आठवडाभरात वाढवत शंभर-सव्वाशे ग्रॅमवर न्यायचं. जनावराला सवय होते. पण तू तो तांबडीला का घातलास? मी कालवडीसाठी आणला होता.

आत्या: कालवड गाभण आहे, पंधरा दिवसांत विणार. उलटते ती तांबडी. आठ महिने झाले तिला व्यायला. मग औषध कुणाला द्यायचं, दुखणं आहे तिला की धडधाकट आहे तिला?

हा प्रश्न साधा नाही. बहुतेक गोठ्यांत चरबीचं पोतं येतं ते गाय दोन-तीनदा उलटल्यावर, आणि पैसे वाया जातात ते तिथेच. आत्याचा तर्क आजाराला लागू पडतो. गाभण राहण्याची तयारी मात्र माजाच्या दिवशी सुरू होत नाही, ती कित्येक आठवडे आधी झालेली असते किंवा झालेली नसते.

भाचा: गाय व्याली की दूध भराभर वाढतं आणि दीड-दोन महिन्यांत शिखराला पोहोचतं. भूक तेवढ्या वेगाने वाढत नाही. पोटभर खायला तिला आणखी महिनाभर लागतो. दुधात जातं जास्त, पोटात येतं कमी. मधली तूट अंगावरच्या चरबीतून भरली जाते.

आत्या: म्हणजे आगोटीला भरून ठेवलेल्या सुक्या मासळीवर पावसाळा काढायचा.

भाचा: तसंच. आणि बेगमी श्रावणाआधीच संपली तर? गाय खंगते. अंगातली चरबी वितळून यकृतात जाते आणि यकृताला ती पेलवत नाही. शरीरात तूट आहे हा निरोप मेंदूला जातो आणि बीजांडकोशाला चालना देणारे संप्रेरकांचे ठोके मंदावतात. बीजपुटिका वाढते पण फुटत नाही. मग माज येतच नाही, नाहीतर मुका येतो. त्यातलं आणखी एक सांगतो. माजाच्या दिवशी जे बीज सुटतं, त्याची वाढ दोन-तीन महिने आधी सुरू झालेली असते. अमेरिकेतल्या जॅक ब्रिट यांनी 1992 साली मांडलं की व्याल्यानंतरच्या उपासमारीत वाढलेलं बीज पुढे ऐंशी-नव्वद दिवसांनी सुटतं, तेव्हा ते कच्चं निघतं. म्हणून कालवडीला आत्ता द्यायचं. ती पहिलटकरीण आहे, तिची स्वतःचीही वाढ व्हायची आहे. विण्याआधी आठ-दहा दिवस सुरू करायचं आणि व्याल्यावर तीन महिने चालवायचं.

आत्या: मग त्यासाठी पिशवी कशाला? आमच्याकडे गाय व्याली की गोडंतेल पाजायची रीत आहे. नळीत भरायचं, मान वर धरायची, अर्धा लिटर सोडायचं. तेलात ताकद नाही का?

भाचा: आहे ना, पिठापेक्षा सव्वादोन पट आहे. पण ते पोहोचतं कुठे ते बघ. गाईच्या कोठीपोटात पेंढा कुजवणारे सूक्ष्मजीव असतात. तीच तिची खरी चूल. मोकळं तेल त्या जीवांना मारतं आणि पेंढ्याच्या काडीवर थर धरतं. गाय दिवसाला 10 किलो कोरडं खाद्य खाते असं धर. त्यातच मुळात 300 ग्रॅमच्या आसपास चरबी असते. एकूण खाद्याच्या सहा-सात टक्क्यांपलीकडे चरबी गेली की चूल विझायला लागते. म्हणजे वरून द्यायला उरतात 300-400 ग्रॅम. तुझं अर्धा लिटर तेल साडेचारशेच्या वर जातं, तेही एका दमात.

आत्या: तेल घातलं तेव्हा दुधाला फॅट लागलं नव्हतं, ते खरं. डेअरीवाल्याने भाव पाडला होता.

भाचा: पेंढा नीट कुजला नाही की दुधातलं फॅट उतरतं. मोकळं तेल देऊन तू दुधाचा दर घालवलास आणि पेंढ्यातली ताकदही. हा भुगा कॅल्शियमला बांधलेला असतो. कोठीपोटात आंबटपणा बेताचा असतो, तिथे तो सुटत नाही. पुढे खऱ्या जठरात आम्ल तीव्र असतं, तिथे सुटतो आणि आतड्यात शोषला जातो. सूक्ष्मजीवांना त्याचा त्रास होत नाही. ओहायो राज्य विद्यापीठात पाल्मक्विस्ट आणि जेन्किन्स यांनी 1980 च्या दशकात ही युक्ती बसवली. आपल्याकडे आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ती शेतकऱ्यांपर्यंत नेली.

नळीने तेल पाजण्याबद्दल इथे मधेच बोलायला हवं. पोटफुगीत तेल देतात तो उपचार आहे, त्याची जागा वेगळी. पण मान वर ओढून घाईने सोडलेलं तेल श्वासनळीत गेलं की फुप्फुसाचा दाह होतो आणि गाय हातची जाते. ताकद यावी म्हणून रोज तेल पाजण्याची रीत बंद व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आत्या: बरं, ताकद मिळते म्हणून गाय गाभण राहते, एवढंच ना? मग ती मका खाऊनही मिळेल.

भाचा: इथेच गोम आहे. शास्त्रज्ञही आधी तसंच समजत होते. चरबी द्यायची, तूट भरेल, माज येईल. पण पुष्कळ प्रयोगांत दिसलं की चरबी खाल्लेली गाय मिळालेली ताकद दुधातच घालते, आणि वर चाराही थोडा कमी खाते. तूट जवळजवळ तेवढीच राहते. तरीही गर्भधारणा सुधारते.

आत्या: तूट तशीच, आणि तरी गाभण राहते?

भाचा: म्हणून लोक खोलात गेले. फ्लोरिडा विद्यापीठातल्या थॅचर आणि स्टेपल्स यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. चरबी खाल्ली की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, आणि गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन त्यापासूनच बनतं. यकृत ते प्रोजेस्टेरॉन सावकाश मोडतं, म्हणजे ते रक्तात जास्त वेळ राहतं. बीजपुटिका आकाराने मोठी होते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2015 मध्ये अशा प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा चरबी दिलेल्या गाईंत गर्भधारणेचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाने वाढलेलं दिसलं. म्हणजे शंभरात चाळीस राहत असतील तर पन्नास. सगळ्याच गाई राहतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

आत्या: शंभरात दहा जास्त. मोठ्या गोठेवाल्याला त्यात फायदा आहे. माझ्याकडे दोनच गाई.

आत्याचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. सरासरीने केलेला फायदा हजार गाईंच्या गोठ्यात हमखास दिसतो. दोन गाईंच्या दावणीला तो दिसेलच असं नाही, पिशवीचा खर्च मात्र नक्की असतो. पशुखाद्याचा सल्ला देताना हा फरक सांगितला जात नाही, आणि तो सांगायला हवा.

भाचा: सगळी चरबी सारखी नसते, हेही बघ. गाभण राहिलेल्या गाईच्या पोटात सोळा-सतराव्या दिवशी मोठी ओढाताण असते. गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडायच्या तयारीत असतं. ते सुटलं की बीजांडकोशावरची पिवळी ग्रंथी विरते आणि नवा माज येतो. त्याच वेळी गर्भ आपण आहोत हे कळवणारं प्रथिन सोडत असतो. गर्भ अशक्त असला, निरोप उशिरा गेला, की तो गळतो. आपण म्हणतो गाय उलटली. खरं तर तेव्हा पुष्कळदा गर्भ राहिलेला असतो आणि गेलेला असतो. जवसातली आणि मासळीच्या तेलातली चरबी हे प्रोस्टाग्लँडिन दबकं ठेवते, गर्भाला थोडी सवड मिळते. सरकी आणि करडईतली चरबी उलट काम करते, प्रोस्टाग्लँडिन वाढवते. ते विण्याच्या आगेमागे चांगलं. गर्भाशय लवकर साफ होतं, रोगाला तोंड देता येतं.

आत्या: मासळीचं तेल? गाईला?

भाचा: फ्लोरिडात मेनहेडन नावाच्या तेलकट माशाचा कुटा देऊन पाहिला. तो आपल्या तारलीच्याच कुळातला. समुद्राकाठी ढोरांना सुकी मासळी घालायची चाल जुनी आहे. अरबस्तानच्या किनाऱ्यावर ती पाहिल्याचं मार्को पोलोने लिहून ठेवलं आहे.

आत्या: त्यांचं त्यांच्यापाशी. मासळीचा कुटा आम्ही माडाच्या आळ्यात घालतो. गाईच्या गव्हाणीत मी घालणार नाही, आणि घातला तर शेजारीण माझ्याकडून दूध घेणार नाही.

भाचा: घालूही नकोस. त्याने दुधातलं फॅटही पडतं. जवस हा आपला मार्ग, पण तो विदर्भात पिकतो, दिघीला येईपर्यंत महाग होतो. शिवाय नुसता भरडून दिला तर त्यातली बरीचशी चांगली चरबी कोठीपोटातच बदलून जाते. सूक्ष्मजीव तिला तुपासारखी घट्ट करून टाकतात.

आत्या: मग आमच्या वाडीतल्या नारळाचं काय? खोबऱ्याची पेंड आम्ही घालतोच.

भाचा: पेंड चांगली, किलोभर घाल. पण खोबरेलाकडून ही अपेक्षा नको. त्यातलं निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल, ते वेगळ्याच जातीचं. प्रोस्टाग्लँडिनवर त्याचा उपयोग नाही, आणि जास्त झालं तर कोठीपोटातले जीव मारतं. घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहतं, तेव्हा तीही बेताने. तुझ्या हाताशी खरी वस्तू आहे ती भाताचा कोंडा. चांगल्या कोंड्यात 12 ते 18 टक्के तेल असतं.

आत्या: कोंडा गाईने आठ दिवस खाल्ला, नवव्या दिवशी सोडला.

भाचा: खवट झाला असेल. भात सडल्याबरोबर कोंड्यातलं तेल बिघडायला लागतं, दमट हवेत लवकरच. पंधरा दिवसांचा एकदम आणू नकोस. आणि गिरणी कुठली ते बघ. जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र येतो. ते मूठभर तळहातावर घेऊन चोळून बघ, टोचलं तर तूस जास्त आहे. त्यात पोट भरतं, पोषण नाही.

आत्या: तू सगळं संकरित गाईचं सांगतोस. माझ्या सासऱ्यांच्या गाई पेंढ्यावर आणि डोंगरच्या गवतावर राहायच्या, कुणी चरबी घातली नाही, आणि त्या वासरं देत होत्या.

भाचा: त्या दोन लिटर दूध देत होत्या. दोन लिटरला तूट कसली पडणार? कोकण कपिला म्हणून त्याच गाईंची 2018 मध्ये जात म्हणून नोंद झाली. तिला बायपास फॅट देणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. आठ-दहा लिटरच्या खालच्या गाईला मी ते सांगणारच नाही.

आत्या: म्हणजे खोट गाईत नाही, तिच्याकडून मागितलं जातं त्यात आहे.

भाचा: हो. पण मागितलं तूच. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. हातात रोज पैसा यायला हवा म्हणून तू तांबडी आणलीस. ती दहा लिटर देते म्हणून घर चाललं. दहा लिटरची गाय दोन लिटरच्या चाऱ्यावर चालत नाही.

इथे दोघंही थोडा वेळ गप्प बसले असतील तर नवल नाही. आत्याचं म्हणणं खोडता येत नाही, भाच्याचंही नाही. कोकणात संकरित गाय आली, पण तिच्या पोटाची सोय करणारा हिरवा चारा तिच्याबरोबर आला नाही. उरुळी कांचनला 1967 साली स्थापन झालेल्या ‘बायफ’ने महाराष्ट्रात घराघरांत संकरीकरण नेलं, राहुरीच्या विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांचा संकर करून फुले त्रिवेणी घडवली. घाटावर उसाचं वाढं, मका, कडवळ होतं. इथे भरमसाट पावसाने धुऊन निघालेली जांभ्याची जमीन आहे, तिच्यातला स्फुरद पिकाच्या हाती सहज लागत नाही, आणि तिच्यावर पिकलेल्या पेंढ्यात तोही नाही नि प्रथिनंही नाहीत. पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्के. एवढ्यावर कोठीपोटातले सूक्ष्मजीवच अर्धपोटी राहतात. आणि ते अर्धपोटी असताना वरून घातलेली चरबी, बायपास असो की नसो, गाईला वर काढू शकत नाही.

आत्या: मग तांबडीचं काय करू? आठ महिने झाले.

भाचा: तिची तूट कधीच भरून निघाली आहे. पाठ भरली आहे तिची, बरगडी दिसत नाही. तिला आता चरबी दिलीस तर अंगावरच चढेल. तिचा दोष दुसरीकडे शोधायला हवा. गर्भाशयात सूज आहे का ते तपासून घेऊ. खनिज मिश्रण देतेस?

आत्या: मीठ देते.

भाचा: मीठ वेगळं. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण सुरू कर, पिशवीपेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करू. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून ताडपत्रीखाली 21 दिवस हवाबंद ठेवायचा. उघडल्यावर वास उडू द्यायचा, मगच घालायचा. वासरांना तो नको, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागू द्यायचं नाही, विषबाधा होते. आणि माज? कधी बघतेस?

आत्या: दूध काढायला जाते तेव्हा.

भाचा: रात्री झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा बघ. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तू लगेच फोन करतेस, आणि जो येतो तो त्याच्या वेळेने येतो.

आत्या: आणि वैशाखात? तेव्हा तर ती धापा टाकत उभी असते, माज असला तरी कळत नाही.

भाचा: दमट उकाड्यात चारा पचवतानाच अंगात उष्णता तयार होते, म्हणून गाय खाणं कमी करते. चरबी पचताना तेवढी उष्णता होत नाही. उन्हाळ्यात व्यायलेल्या, दूध भरपूर असलेल्या गाईला किनाऱ्यावर बायपास फॅट द्यायला हे एक खरं कारण आहे. पण त्याआधी छपरावर नारळाची झावळं टाक आणि पाणी दिवसभर समोर ठेव.

आत्या: तर मग पिशवी कालवडीला. व्याल्यावर दूध आठ लिटरच्या वर गेलं तर चालू ठेवते. नाही गेलं तर बंद.

भाचा: एवढं ऐकलंस तरी पिशवीचे पैसे वसूल झाले.

मला या बोलण्यातून जे वाटतं ते असं. चरबीचा आणि गर्भधारणेचा संबंध खरा आहे, तो कंपन्यांनी उभा केलेला नाही. पण बाजार ती चरबी उलटणाऱ्या गाईच्या मालकाला विकतो. तो हताश असतो, म्हणून घेतो. तिची खरी गरज ज्या गाईला असते ती अजून व्यायलेलीही नसते, आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. किनारपट्टीवरच्या गोठेवाल्यांना एवढंच सांगणं आहे: गाय भरल्याची, व्याल्याची आणि माजाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पोतं घेण्याआधी दुकानदाराला गाय किती वेळा उलटली ते सांगू नका. ती व्यायला किती दिवस झाले, रोज किती लिटर दूध देते आणि पेंढ्याशिवाय काय खाते, ते डॉक्टरला सांगा, आणि पोतं घ्यायचं की नाही ते त्यावर ठरवा.